चामडं सोडलेला ढोलकीवाला

नेमगोंडा पाटलाला आमच्या कसबा बावड्यात कुणी शहाणा म्हणत न्हाय, आणि म्हणूबी नये. मी त्येचा लंगोटीयार हाय म्हणून सांगतो. माझं नाव भरमाप्पा. रस्त्याकडंला माझं वेल्डिंगचं दुकान हाय. ट्रॉलीचा दांडा, गेट, ग्रिल, जे मोडंल ते जोडून देतो. माणसाचं डोकं तेवढं जोडता येत न्हाय, न्हाईतर पयलं गिऱ्हाईक नेम्याच असता.

पण ढोलकीचं नाव काढलं की मी गप बसतो. तिथं बोलायचं काम न्हाय. घरचा ऊस, दोन म्हशी, सगळं त्येच्या बायकोच्या, अक्काताई वैनींच्या जिवावर चालायचं. ह्येचा जीव ढोलकीत. बारसं असूंदे, हळद असूंदे, गणपती असूंदे, न्हाईतर बस्तीतली पूजा असूंदे. बस्ती म्हंजे जैनांचं देऊळ. तिथं नेम्या मांडी घालून बसला की डाव्या हाताची धुम पोटात जायची आणि उजव्या हाताची चाटी कानात. मी लिंगायत, पण बस्तीच्या पायरीवर बसून ऐकायचो. घरी बायको इचारायची, "आज कुणाच्या देवाला गेलता?" मी म्हणायचो, "नेम्याच्या ढोलकीला."

आणि ह्या शहाण्यानं ती ढोलकी स्वतःच्या तोंडानं घालवली.

ब्याण्णव सालची गोष्ट. चातुर्मासात बस्तीत एक मुनिमहाराज उतरलते. रोज दुपारी प्रवचन व्हायचं, आणि ते झालं की ज्येला वाटंल त्येनं उभं ऱ्हाऊन नियम घ्यायचा. नियम म्हंजे महाराजांपुढं दिलेला शब्द. कुणी बटाटा सोडायचं, कुणी कांदा, कुणी रातचं जेवण. एकदा घेतला की मोडायचा न्हाय. आता आदल्याच दिवशी नेम्याची नवी कोरी कोल्हापुरी चप्पल बस्तीच्या दारातनं कुणीतरी पायात घालून गेलतं. गडी अनवाणी आलता, डोकं तापलेलं. त्येच्या मनात आलं, चप्पल गेलीच हाय, तर सोडूनच टाकू. उभा ऱ्हायला आणि खणखणीत आवाजात म्हणला, "महाराज, जल्मभर चामडं वर्ज!"

महाराजांनी आशीर्वाद दिला. लोकांनी माना डोलवल्या. नेम्या छाती काढून खाली बसला, भजन सुरू झालं, झांज वाजली, आणि ह्येनं सवयीनं ढोलकीकडं हात नेला. हात तिथंच थांबला. मी पायरीवरनं बघत हुतो. पयल्यांदा वाटलं, मुंगी चावली. मग त्येच्या तोंडाचा रंग बघितला आणि माझ्या टाळक्यात परकाश पडला. आयला, ढोलकीची दोन्ही तोंडं चामड्याचीच की! त्या दिवशी भजन नुसत्या झांजंवर झालं. बायकांच्या बाजूला अक्काताई वैनी कपाळाला हात लावून बसलेल्या मला अजून दिसत्यात.

बस्तीचे उपाध्ये, म्हंजे पुजारी, चांगला माणूस. सांजंला त्येंनी नेम्याला बाजूला घेतलं. "पाटील, तुमच्या मनात चप्पल हुती. तर चप्पलच सुटली असं धरू. महाराजांस्नी इचारू, ते मार्ग देतील."

नेम्या म्हणला, "मनात काय हुतं ते माझं मला म्हाईत. तोंडातनं चामडं गेलंय. दिलेला शब्द घासाघीस करून कमी करायला ही काय मंडई हाय?"

मी बी लई समजावलं. शेवटाला तापलो आणि म्हटलं, "मर्दा, तुझ्या हातालाबी कातडंच हाय. तेबी सोलून खुंटीला अडकव!"

"ते जित्तं हाय," नेम्या म्हणला. "आणि भरम्या, एक ध्यानात ठेव. मी चामडं सोडलंय. वाजवणं सोडलंय असं कुणापुढंबी म्हणलो न्हाय. वाजवणार मी."

"कशावर? माझ्या डोक्यावर?"

"ते बघू," म्हणला आणि गेला.

आता हितनं पुढं त्येनं माझी जी काय वाट लावली, ती इचारू नका. रोज सांजंला रानातनं येऊन दुकानात ठिय्या. "भरम्या, ही पाईप काप. भरम्या, ह्या डब्याचं बूड पातळ कर." पयल्यांदा घागर झाली. घागर एकाच सुरात बोलती, तिला दुसरा हात म्हाईत न्हाय. मग तेलाचा डबा. तो वाजवला की शेजारची कुत्री वरडायची. मग दवाखान्यातनं एक्स-रेच्या टाकाऊ फिल्मा आणल्या आणि पाईपवर ताणून बसवल्या. कुणाच्या तरी बरगड्यांवर नेम्या ताल धरतोय, आणि आवाज निघतोय खाकरल्यासारखा! पुढं झांजपथकवाल्यांच्या ढोलांस्नी चामड्याच्या जागी फायबरची पानं आली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण काठीनं बडवायला ते पान झ्याक. बोटानं वाजवणाऱ्याला ते जबाब देत न्हाय. नेम्यानं एक महिनाभर नेटानं वाजवलं आणि एक दिवस उचलून म्हशीच्या गोठ्यात ठेवलं.

मदी एकदा त्येला पेटी शिकायची हुक्की आली. बस्तीतली बाजाची पेटी. "सूर तर सूर, भजनात बसायला तर मिळंल," म्हणला. सहा महिने रडतखडत शिकला. मग पेटी बिघडली, मिरजंचा एक कारागीर आला, त्येनं नेम्याच्या म्होरंच ती उघडली. आत पट्ट्यांखाली चामड्याचे तुकडे! आणि ते चिकटवायला कारागिरानं शेगडीवर सरस कढवायला ठेवला. नेम्यानं वासानं नाक धरलं आणि इचारलं, हे कशाचं? कारागीर म्हणला, "जनावराचं चामडं उकळून केलेला डिंक हाय, पाटील. लाकडाला असली पकड दुसऱ्या कशाची न्हाय." झालं. पेटीबी सुटली. सहा महिने चामड्याला हात लावला म्हणून गड्यानं तीन उपास केले. मी त्येच्या घरी जाऊन जे वरडलो, ते चार घरांपतोर ऐकू गेलं. वैनींनी मला ताक दिलं आणि म्हणल्या, "अण्णा, तुमी बसा. त्येंला सांगून उपेग न्हाय. भिताडाला सांगा, ते ऐकंल."

लोक हसायचे की. 'चामडं आलं, चामडं आलं' म्हणून पोरं मागनं वरडायची. नेम्या वळूनबी बघायचा न्हाय. पण मला म्हाईत हुतं त्येला काय हुतंय ते. जेवताना ताटाच्या कडंवर बोटं, एसटीत खिडकीच्या गजावर बोटं. त्येच्या लेकीच्या, आदितीच्या लग्नात हळदीला जयसिंगपूरचा ढोलकीवाला आणलता. पोरगी मांडवात बसलेली, बायका गाणी म्हणत्यात, आणि बाप लांब उभा ऱ्हाऊन पाण्याचे तांबे देतोय. आदिती सारखी त्येच्याकडं बघायची. त्येनं एकदाबी वर बघितलं न्हाय. मी त्या ढोलकीवाल्याला शिव्या घातल्या, बिचाऱ्याची काय चूक नसताना. मला लई वाईट वाटलं त्या दिवशी. ह्या माणसाला मरायच्या आत एकदा चार माणसांत वाजवायचं हुतं, एवढंच. दुसरं कायबी त्येनं कधी मागितलं न्हाय.

अशी अकरा वर्षं गेली.

दोन हजार तीनच्या थंडीत हंबीरराव दुकानात आले. हंबीरराव म्हंजे तालमीचे वस्ताद. आवाज असा की वेल्डिंगचं मशीन बंद करावं लागत न्हाय. म्हणले, "भरमाप्पा, खासबागंत मैदान घ्यायलोय. कुस्तीचं न्हवं, ढोलाचं! जगातनं ढोलवाले आल्यात. पुण्यासनं गोव्याला निघाल्यात, मदी एक दिवस आपल्यात. कुस्तीच्या हौद्यात स्टेज घालायचंय, त्येच्या बुडाच्या लोखंडी कैच्या तुझ्या." आणि भिंतीला पोस्टर चिकटवून गेले. कुस्तीचं छापत्यात तसंच, लाल-पिवळं: जपान, सेनेगल, नायजेरिया, पेरू. दुपारपतोर दोन-तीन पैलवान येऊन मला इचारून गेले, "जोड कुणाची कुणासंगं लावलीया? निकाली हाय का गुणावर?"

नेम्या आला. पोस्टरपुढं उभा ऱ्हायला तो ऱ्हायलाच.

"भरम्या, एवढे देश हायत."

"बरं मग?"

"एवढ्या देशांत एक तरी माणूस असंल, ज्येनं चामड्याबिगर ढोल केला असंल. मी परत्येकाला इचारणार."

"इंग्रजी येती व्हय रं तुला?"

"चामडं दाखवायला इंग्रजी कशाला लागती? बोट दावीन."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी गाडी आली. सामान उतरायला हंबीररावांनी आम्हालाच लावलं. जपानचा ढोल बघून माझी छातीच दडपली. बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड! चार पैलवान लागले. नेम्यानं लांबनं वाकून तोंड बघितलं आणि मागं सरला.

"पाटील, धरा की!" हंबीरराव वरडले.

"चामडं हाय."

"मग ढोलाला काय असणार, बासुंदी?"

नेम्या हलला न्हाय. सेनेगलचे उभे ढोल आले, शेळीच्या कातड्याचे, केसबी तसेच. तेबी न्हाय. नायजेरियाची एक बाई हुती, तिच्या हातात मातीचं मडकं, पोटाला भोक. "घागरीची मावसबहीण," नेम्या म्हणला. "हे झालंय करून." परत्येक नग उतरला की ह्येची मान आडवी. मला त्येचा राग येईना झाला, कीव याय लागली. शेवटाला गाडीत एक लाकडाचं खोकं ऱ्हायलतं. गुडघ्याएवढं उंच, मागच्या बाजूला वाटोळं भोक. मी म्हटलं, ह्येंचं रिकामं खोकं दिसतंय, कबुतराच्या खुराड्यासारखं. स्टेजच्या मागं नेऊन टाकलं, वर चहाची किटली ठेवली, आणि चहा पिऊन झाला की कप त्या भोकातनं आत. माझं बघून सगळेच टाकाय लागले. सोय चांगली झाली म्हणून मला हंबीररावांनी शाबासकीबी दिली.

सांजंला खासबाग फुल्ल. पैलवान, कॉलेजची पोरं, बायका, म्हातारी माणसं, सगळी उतरणीवर दाटून बसलेली. नेम्या आणि मी म्होरंच. वैनी बायकांच्यात. सूत्रसंचालनाला रक्षिता म्हणून एक कॉलेजची पोरगी हुती, इंग्रजी फाडफाड बोलणारी.

जपानवाल्यांनी पयला टोला हाणला आणि माझ्या छातीतलं हाड हललं. दोन पोरी आणि एक गडी, तिघं मिळून त्या ढोलावर तुटून पडले. पैलवान उठून शड्डू ठोकाय लागले. सगळं मैदान वरडतंय, शिट्ट्या, नुसता धुरळा! मग सेनेगलचे आले. ते हातानं वाजवणारे. त्येंची बोटं अशी उडायची की दिसंनातच. मी शेजारी बघितलं. नेम्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत हुतं आणि त्येचे दोन्ही हात मांडीवर तोच ताल धरत हुते. पुसायचंबी भान नव्हतं त्येला. मी दुसरीकडं बघितलं. नायजेरियाच्या बाईनं मडक्यातनं असला घुमारा काढला की बायकांनी टाळ्या थांबवल्याच न्हाईत.

मग रक्षिता म्हणली, "आता येत आहेत पेरूचे रामिरो!"

"तिखटमीठ लावून द्या!" मागनं कुणीतरी वरडला आणि मैदान हसून गडाबडा लोळलं.

आला तो म्हातारा माणूस हुता, काळासावळा, पांढऱ्या केसांचा. हात हालवत आला आणि हिकडं तिकडं बघाय लागला. मग दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून रक्षिताला कायतरी सांगाय लागला. चौकोन बघितला आणि मी शेजारच्या हंबीररावांची बाही ओढली.

"हंबीरराव," म्हटलं, "ते खोकं..."

"कुठलं खोकं?"

"चहाचं."

हंबीररावांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी वर जाईपतोर इसरणार न्हाय. पळत जाऊन मी किटली उचलली, पैलवानांनी खोकं स्टेजवर नेलं. रामिरोनं ते रुमालानं पुसलं, त्येच्यावरच बसला, दोन पायांच्या मदी वाकला आणि म्होरल्या फळीवर हात मारला. धुम! आणि आतनं खळ खळ खळ. गडी थांबला. खोकं उचलून वाकडं केलं. भोकातनं सगळे कप स्टेजवर सांडले. "पावण्याला चहा द्या रं!" कोल्हापूर हसून हसून बेजार. म्हातारा मोठ्या मनाचा, तोबी हसला. मला मात्र हौद्याची माती दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालतं.

आणि मग त्येनं वाजवाय सुरुवात केली.

फळीच्या मदोमद तळहात पडला की धुम. वरल्या कडंला बोटं पडली की चाटी. दोन्ही हात, दोन्ही सूर, एकाच खोक्यातनं. मला ढोलकीतलं काय कळत न्हाय, पण एवढं कळलं. नेम्यानं माझं मनगट धरलं, असं की दुसऱ्या दिवशीबी वळ हुते.

"भरम्या. चामडं कुठाय?"

मी बघितलं. चामडं कुठंच नव्हतं.

नेम्या उभा ऱ्हायला. चालू कार्यक्रमात, सगळ्या खासबागंत, हात वर करून वरडला, "पावणं! चामडं हाय काय त्यात?"

"ए, बस की खाली!" "कोण हाय रं त्यो?" बावड्याची पोरं हुतीच, ती वरडली, "चामडं आलं!" पण नेम्या बसंना. त्येनं परत इचारलं. परत. रामिरोनं हात थांबवला आणि रक्षिताकडं बघितलं. तिनं लाजत लाजत सांगितलं. म्हातारा नेम्याकडं बघून हसला आणि बोटानं बोलावलं, ये वर.

नेम्या गेला. मी मागोमाग, न जाऊन करतो काय. रामिरोनं खोकं फिरवलं, भोक दाखवलं, आत हात घालून दाखवला. काय न्हाय. नुसतं लाकूड. मग उठला, खोक्यावर थाप मारली, आणि हातानंच म्हणला, बस, वाजव.

अकरा वर्षं, देवा! मी त्येच्या शेजारी उभा हुतो. नेम्या खोक्यापुढं वाकला. त्येचे हात फळीपासनं वीतभर वर आले, आणि थांबले.

"पोरी," नेम्या रक्षिताला म्हणला, "एवढं इचार. फळ्या कशानं चिकटवल्यात?"

"म्हणजे? डिंकानं असतील काका."

"कसला डिंक? सरस हाय काय? चामडं उकळून करत्यात तो. इचार."

तिनं इचारलं. आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचं तोंड आनंदानं फुललं. त्येला वाटलं, खरा जाणकार भेटला. भडाभडा सांगाय लागला. खोकं त्येच्या आज्ज्यानं केलतं. आज्ज्यानं गाईचं चामडं घरात उकळून सरस केला, त्येनं फळ्या जोडल्या, आजपतोर एक सांधा ढिला न्हाय. रक्षितानं हे सगळं मराठीत सांगितलं, चामड्याचं तेवढं शेवटाला.

नेम्यानं हात मागं घेतले.

खाली मैदानाला यातलं काय कळंना. "वाजव! वाजव!" टाळ्यांच्या ठेक्यावर सगळी खासबाग वरडाय लागली. हंबीरराव कानाशी आले. "पाटील, सरस आत, तुमचा हात बाहेर. एक डाव वाजवा आणि मोकळं व्हा." मी म्हटलं, "नेम्या, लेका, वाजव की रं. आमची शपथ. कुणाला कळतंय?" रडायला आलतं मला.

नेम्यानं रक्षिताच्या हातातला माईक घेतला. जल्मात पयल्यांदा. म्हणला, "मी चामडं सोडलंय. ह्यात थोडं हाय." मग मैदानाकडं वळला. "तुमी समदी कुस्ती बघणारी माणसं. निम्मी पाठ टेकली म्हणून ह्या खासबागंत कुणी कुस्ती दिलेली बघितलीया काय?"

एक म्हातारा पैलवान उतरणीवरनं वरडला, "न्हाय!"

"मग मलाबी घेता येत न्हाय," नेम्या म्हणला आणि माईक परत दिला.

कुणी हसलं न्हाय. बावड्याची पोरंबी न्हाय. टाळ्या सुरू झाल्या, वरनं खालपतोर. रक्षितानं रामिरोला सगळं समजावून सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्याला राग येईल. त्येनं काय केलं, खोक्याशेजारी गुडघे टेकून बसला आणि नेम्याला जवळ बसवलं. बाजूच्या फळ्या किती जाड, म्होरली किती पातळ, बोटांच्या चिमटीत धरून दाखवलं. वरल्या कडंला फळी जरा सुटी ठेवायची, तिथंच चाटी हाय, हे वाजवून दाखवलं. मग उठून त्येनं आपला कार्यक्रम पुरा केला. नेम्या स्टेजच्या कडंला मांडी घालून, वीतभर अंतरावरनं, त्येचे हात बघत बसला.

घरला येताना रिक्षात मी फुटलो. "घास तोंडात आलता! तोंडात आलेला घास थुकणारा माणूस मी आजपतोर बघितला न्हाय! हातानं दारिद्र्य घेतोस आणि वर भाषण करतोस!" नेम्या चिमटीनं फळीची जाडी मापत बसलेला. वैनी शेजारीच हुत्या, त्या म्हणल्या, "भरमाप्पाण्णा, तुमच्या दुकानात नटबोल्ट असत्यात न्हवं?"

डिंकाबिगर फळ्या जोडायचं माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं, आणि मी म्हणे जोडणारा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायच्या आत नेम्या फळ्या घेऊन हजर. प्लायवूड चालंना, कारण त्यातला डिंक कसला ते दुकानदाराला छातीठोक सांगता येईना. मग आंब्याची फळी आणली, सुताराकडनं म्होरली बाजू तासून पातळ केली. पयलं खोकं फुटलं. दुसऱ्याची फळी उन्हानं वाकली. तिसऱ्याला मी आतनं लोखंडी पट्टीच्या कोपऱ्या मारल्या आणि सगळं नटबोल्टानं आवळलं. डिंकाचा थेंब न्हाय. तर ते झणझणाय लागलं, एकेका बोल्टाखाली रबराची चकती घालावी लागली. कामधंदा सोडून मी त्येच्यामागं. माझ्या बायकोनं डबा पाठवायचं बंद केलं. उन्हाळा सरत आला तवा कुठं ते खोकं नीट बोलाय लागलं.

"वाजव," मी म्हटलं.

"हितं न्हाय," नेम्या म्हणला. "बस्तीत."

बस्तीत सांजच्या आरतीला त्येनं खोकं आणून ठेवलं. उपाध्यांनी भोकाला डोळा लावून आत बघितलं आणि मान हालवली, चालंल. लोक कुजबुजत हुते. एवढी गर्दी आरतीला कधी नसती, बातमी फुटलेलीच. नेम्या खोक्यावर बसला, वाकला. झांज वाजली, आरती सुरू झाली, आणि त्येनं हात टाकला.

पयलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्याला गडी चुकला. हात अकरा वर्षं झांजंसंगं चाललेला नव्हता. ताल मनात हुता, बोटांत नव्हता. झांज म्होरं गेली, खोकं मागं ऱ्हायलं. त्येनं धावत गाठायला बघितलं आणि पार घसरला. गाणारी अडखळली. एकेक आवाज बंद हुत गेला आणि आरती मदीच थांबली. नेम्यानं हात मांडीवर ठेवले. मान खाली. मला त्येच्याकडं बघवंना.

बायकांच्या बाजूनं वैनींचा आवाज आला. ही बाई चार माणसांत कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

"चुकतंय."

"म्हाईत हाय," नेम्या म्हणला.

"मग थांबलाय कशाला? देवाला काय एसटी गाठायचीया? वाजवा की."

कुणीतरी झांज उचलली. आरती पयल्यापासनं धरली. परत चुकली. परत धरली. तिसऱ्या खेपंला ती शेवटपतोर गेली, सरळ, एकबी ठोका न सांडता. नेम्याच्या बोटांची सालटी निघालती आणि फळीवर रगताचे ठिपके पडलते. कुणीबी उठून घरला गेलं नव्हतं. निरांजनातलं तूप संपत आलतं. वैनींनी ते परत भरलं आणि म्हणल्या, "अजून एकदा."